लंडन: साखळीबाहेरची पुस्तकांची दुकानं तीन दिवसांत कशी बसवायची?

पानोपानी

मेच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनमध्ये मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस फक्त पुस्तकांच्या दुकानांसाठी राखून ठेवले आहेत. टॉवर, राजवाडा, लंडन आय यातलं काही करायचं नाही.

नेटवरच्या याद्यांमध्ये तीच दहा दुकानं आणि तेच फोटो फिरत असतात. त्यातली खरोखर स्वतंत्र कुठली, नुसती देखणी कुठली आणि कुठली केव्हाच हलली किंवा बंद झाली, याचा पत्ता लागत नाही. मला एकाच विषयाला वाहिलेली दुकानं आणि जुनी पुस्तकं यांत रस आहे. जमल्यास महाराष्ट्राशी संबंधित जुनं काही घ्यायचं आहे: इतिहास, प्रवासाच्या मार्गदर्शिका, नकाशे. बजेट सगळं मिळून १५० पौंड. मुक्काम किंग्ज क्रॉसजवळ, चालायची तयारी आहे.

बाकी शंका: घासाघीस चालते का? टॅक्स परत मिळतो का? आणि पुस्तकं भारतात बॅगेतून आणावीत की पोस्टाने?

---

कागदकीडा

किंग्ज क्रॉसला उतरताय म्हणजे निम्मं काम झालंच. दुकानं प्रसिद्धीच्या क्रमाने घेतलीत तर सगळा वेळ ट्यूबमध्ये (भुयारी रेल्वेत) जाईल. एक दिवस, एक भाग असं ठेवा.

पहिला दिवस, ब्लूम्सबरी. तुम्हाला जे हवंय त्याला याहून चांगला भाग लंडनमध्ये नाही, त्यामुळे पूर्ण दिवस इथेच घाला. सुरुवात ५ कॅलेडोनियन रोडवरच्या हाउसमन्सपासून, स्टेशनपासून अगदी जवळ. दुकान १९४५ चं, १९५९ पासून याच जागेत. युद्धविरोधी चळवळ, कामगार संघटना, डावं राजकारण, लंडनचा स्थानिक इतिहास हे यांचे विषय. पुस्तकांपेक्षाही पत्रकं आणि छोटी नियतकालिकं जास्त बघा, ती साखळीतली दुकानं ठेवत नाहीत.

तिथून दक्षिणेला मार्चमाँट स्ट्रीट. ८२ नंबरला जड बुक्स: इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, कला, सिनेमा. वापरलेली पुस्तकं आहेतच, शिवाय विद्यापीठांच्या प्रकाशनांच्या न खपलेल्या प्रती निम्म्या किमतीच्या आसपास मिळतात. अशा प्रतीच्या खालच्या कडेवर काळ्या मार्करची रेघ किंवा ठिपका असतो. ती रिमेंडरची खूण, पुस्तक आतून कोरंच असतं. तळघर चुकवू नका. त्याच रस्त्यावर ६६ नंबरला गेज द वर्ड, १९७९ पासूनचं समलिंगी साहित्याचं दुकान. १९८४ मध्ये कस्टम्सने छापा घालून इथली परदेशी पुस्तकं जप्त केली होती, पुढे खटला मागे घ्यावा लागला. दुकान लहान आहे, पण निवड फार विचारपूर्वक केलेली असते.

मग ब्रन्सविक सेंटरमधलं स्कूब. हे तळघरात आहे आणि दार सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला, त्यामुळे मुख्य चौकात उभं राहून शोधणारे बरेच जण ‘बंद झालं वाटतं’ म्हणून परततात. वापरलेल्या पुस्तकांसाठी मध्य लंडनमधलं हे सगळ्यात उपयोगी दुकान, असं माझं मत. पेंग्विनच्या जुन्या मालिका, गणित-विज्ञान, भाषा, समीक्षा, सगळं भरगच्च. हव्या असलेल्या पुस्तकांची यादी कागदावर न्या. तळघरात मोबाइलच्या रेंजवर भिस्त नको.

दुपारनंतर रसेल स्क्वेअर ओलांडून ब्रिटिश म्यूझियमच्या बाजूला या. ४६ ग्रेट रसेल स्ट्रीटवर जार्नडाइस: अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी साहित्य, खरेदीपेक्षा पाहण्यासाठी. १४ बरी प्लेसला लंडन रिव्ह्यू बुकशॉप, २००३ पासून. इथे नवी पुस्तकंच असतात, पण कविता आणि अनुवाद या दोन कपाटांसाठी जावं. पुढे ब्लूम्सबरी स्ट्रीटवर १२ नंबरला ऑक्सफॅमचं दानात आलेल्या पुस्तकांचं दुकान आणि १ नंबरला बुकमार्क्स (समाजवादी). आसपासचे प्राध्यापक-विद्यार्थी आपली पुस्तकं ऑक्सफॅमला देतात, म्हणून तिथला माल इतर धर्मादाय दुकानांपेक्षा बराच वरचा. स्टोअर स्ट्रीटवर ३३ नंबरला ट्रेडवेल्स आहे, तंत्र-मंत्र-ज्योतिषवाल्यांसाठी. नसेल रस तर सरळ सोडा.

दुसरा दिवस, सेसिल कोर्ट आणि चेअरिंग क्रॉस रोड. सकाळी नऊला जाऊन बंद शटरं बघू नका, जुन्या पुस्तकांची बरीच दुकानं अकराच्या सुमारास उघडतात. सेसिल कोर्ट ही फक्त पायी जाण्याची छोटी गल्ली, लेस्टर स्क्वेअर स्टेशनपासून दोन मिनिटांवर. इथे खऱ्या अर्थाने एका दुकानाला एक विषय आहे: १६ नंबरला मार्चपेन (मुलांची जुनी पुस्तकं), १७ ला ट्रॅव्हिस अँड एमरी (संगीत, छापील स्वरलिपी), १९ ते २१ वॉटकिन्स (धर्म, योग, गूढविद्या), २३ पासून पुढे गोल्ड्सबरो (लेखकाची सही असलेल्या पहिल्या आवृत्त्या), ७ ला ब्रायर्स अँड ब्रायर्स (नकाशे).

चेअरिंग क्रॉस रोड आता पूर्वीचा राहिलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ८४ नंबरचं मार्क्स अँड कंपनी हे पत्रव्यवहारामुळे गाजलेलं जुन्या पुस्तकांचं दुकान १९७० मध्येच बंद झालं. तिथे आता मॅकडोनाल्ड्स आणि भिंतीवर एक गोल फलक आहे. ५६ नंबरचं एनी अमाउंट ऑफ बुक्स मात्र जरूर करा. बाहेरच्या गाड्यावर अगदी स्वस्त पुस्तकं, आत मध्यम भाव आणि तळघरात पुन्हा स्वस्त. आधी तळघर, मग वर, असा क्रम ठेवलात तर पैसे टिकतील.

तिथून कोव्हेंट गार्डनकडे चालत स्टॅनफर्ड्स: नकाशे आणि प्रवास, १८५३ पासून. जुन्या याद्यांमध्ये लाँग एकरचा पत्ता असतो. २०१९ पासून ते जवळच्याच ७ मर्सर वॉकवर आहे. संध्याकाळी नदी ओलांडून वॉटर्लू पुलाखालच्या पुस्तकबाजारात जा. लांब टेबलांवर पेपरबॅक, मागे जुन्या छापील चित्रांचे खोके. पूल वर असल्यामुळे पावसातही भिजत नाही. दुर्मीळ काही मिळेल ही आशा मात्र ठेवू नका.

तिसरा दिवस मॅरिलबोन हाय स्ट्रीटवरचं डॉन्ट बुक्स (८३-८४) आणि उरलेला वेळ राहून गेलेल्या दुकानाला. डॉन्टची मांडणी देशवार आहे: कादंबरी, इतिहास, पाककृती, प्रवास, सगळं त्या-त्या देशाच्या कपाटात एकत्र. त्यामुळे भारताच्या कपाटापेक्षा ज्या देशाबद्दल काहीच माहीत नाही त्या देशाच्या कपाटापुढे उभं राहण्यात जास्त मजा.

‘नॉटिंग हिल’ सिनेमामुळे प्रसिद्ध झालेलं तिथलं दुकान टाळा. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत कपाटापर्यंत हात पोचत नाही. त्या बाजूला गेलातच तर त्याच ब्लेनहाइम क्रेसेंटवर ४ नंबरला बुक्स फॉर कुक्स आहे, १९८३ पासून फक्त पाककृतींची पुस्तकं, आणि मागच्या स्वयंपाकघरात त्याच पुस्तकांतले पदार्थ करून बघितले जातात.

---

रोखठोक

वरची यादी उत्तम. धाग्याच्या नावात ‘साखळीबाहेरची’ आहे म्हणून एवढीच भर.

हॅचर्ड्स (१७९७ पासूनचं, लंडनमधलं सर्वांत जुनं) आणि फॉइल्स ही दोन्ही नावं प्रत्येक ‘स्वतंत्र दुकानांच्या’ यादीत असतात. दोन्ही वॉटरस्टोन्स या पुस्तकदुकानांच्या साखळीच्या मालकीची आहेत, फॉइल्स २०१८ पासून. ब्लॅकवेल्सही २०२२ मध्ये तिकडेच गेलं. डॉन्ट वेगळं आहे, पण पूर्ण वेगळंही म्हणता येत नाही. १९९० मध्ये ते काढणारे जेम्स डॉन्ट २०११ पासून वॉटरस्टोन्सही चालवतात. शिवाय डॉन्टच्या स्वतःच्याच आता बऱ्याच शाखा आहेत. इमारत मात्र खरी आहे, १९१० च्या सुमारास खास पुस्तकविक्रीसाठी बांधलेली, ओकच्या सज्जांसकट.

आणि पर्सेफनी बुक्स शोधत लॅम्ब्स कॉन्ड्यूइट स्ट्रीटवर जाऊ नका. ते २०२१ मध्ये बाथ शहरात गेलं. एखाद्या यादीत ते अजून लंडनमध्ये दिसलं तर ती यादीच मिटून टाका.

---

जुनाबाजार

महाराष्ट्रासंबंधी जुनं घेण्याबद्दल. १५० पौंडांत काय बसत नाही ते आधी बघा, म्हणजे वेळ वाचेल.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास: पहिली आवृत्ती १८२६, तीन खंड. ती तुमच्या बजेटात येणार नाही. १९२१ ची ऑक्सफर्डची दोन खंडांची आवृत्ती कधीकधी आवाक्यात असते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स यांसाठी तर पैसे घालवूच नका. कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, गॅझेटियर्स महाराष्ट्र शासनानेच फुकट उपलब्ध केलेली आहेत. वाचायला घ्यायचं असेल तर स्कॅन पुरतो. कागदाचे पैसे तिथेच द्यावेत जिथे स्कॅनमध्ये काहीतरी हरवतं. घडीचे नकाशे असलेलं पुस्तक हे त्याचं उत्तम उदाहरण, कारण स्कॅन करणारे बहुधा नकाशा न उलगडताच पान पुढे ढकलतात.

म्हणून तुमच्यासाठी मरे या प्रकाशकाच्या लाल कापडी प्रवासी मार्गदर्शिका. विसाव्या शतकातल्या भारत-ब्रह्मदेश-सिलोनच्या आवृत्त्या बऱ्याच छापल्या गेल्या, त्यामुळे पहिल्या आवृत्त्यांसारखा भाव नसतो. घेताना सुरुवातीची नकाशांची यादी काढा आणि एकेक नकाशा मोजा. प्रवासात वापरलेली पुस्तकं ही, त्यामुळे शहरांचे नकाशे फाडून नेलेले असतात. मुंबईचा आहे ना, तो आधी बघा. मोठ्या नकाशाची घडी चिरलेली असली तरी चालेल, तुकडा गायब असेल तर भाव कमी व्हायला हवा.

शोधताना दुकानात ‘महाराष्ट्र’ नावाचं कपाट नसतं. इंडिया, ट्रॅव्हल, मिलिटरी आणि टोपोग्राफी (स्थळवर्णन) अशा चार ठिकाणी माल विखुरलेला असतो. ऑनलाइन कॅटलॉगमध्ये पूना, डेक्कन, कोंकण, महरट्टा ही जुनी इंग्रजी रूपं टाका. जाण्याच्या आठवडाभर आधी दुकानाला ईमेल करा: विषय, काळ, बजेट. बराचसा माल दुकानात नसून गोदामात असतो आणि आयत्या वेळी तो येत नाही.

प्रत तपासण्याचा क्रम: किंमत पहिल्या कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेली असते. मग शीर्षकपान आहे का, चित्रं यादीप्रमाणे आहेत का, शिवण सैल आहे का, सांध्याजवळ (पाठ आणि पुठ्ठा मिळतात तिथे) कापड फाटलंय का. तपकिरी ठिपके म्हणजे फॉक्सिंग, ते दमट हवेमुळे आणि कागदातल्या अशुद्धीमुळे येतात. वाचायला अडचण नाही, पण आपल्या पावसाळ्यात ते वाढतात. ‘एक्स-लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालयाचे शिक्के, चिकटवलेली पाकिटं. संग्राहकांना ती नको असतात, म्हणूनच वाचकाला परवडतात. विसाव्या शतकातल्या पुस्तकाच्या वेष्टणाच्या आतल्या घडीवर किंमत छापलेलीच नसेल तर प्रत बुक क्लबची (सभासदांसाठी स्वस्तात काढलेली) असण्याची शक्यता आहे. कोपरा कात्रीने कापलेला असेल तर किंमत कापलेली प्रत. दोन्ही गोष्टींनी पहिल्या आवृत्तीचा भाव उतरतो.

कपाटातून पुस्तक काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका, शंभर वर्षांचं कापड तिथेच फाटतं. शेजारची दोन पुस्तकं किंचित आत ढकला आणि मधलं कमरेला धरून काढा. हातमोजे लागत नाहीत, हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. पाठीवरची सॅक पुढे घ्या किंवा काउंटरवर ठेवा. फोटोला विचारा.

नकाशे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ॲटलासमधून सुटे केलेले भारताचे छोटे नकाशे बजेटात बसू शकतात. फसगत होते ती नव्या छपाईत. दहापट भिंग न्या, वजनाने काहीच नसतं. भिंगातून रंगात किंवा रेषांत बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती ऑफसेट किंवा हाफटोन छपाई, म्हणजे अलीकडची. तांब्याच्या कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशात रेषा सलग आणि टोकाला निमुळत्या असतात, शाई कागदाच्या किंचित वर जाणवते आणि चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट उमटलेली असते (समास कापलेले असतील तर ती दिसणार नाही). १८०० च्या आधीचा कागद उजेडाकडे धरला की बहुधा समांतर बारीक रेषा दिसतात. हाताने भरलेला रंग मूळचा की नंतरचा, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. सरळ उत्तर मिळतं आणि त्यावर किंमत ठरते. शक्य तर पावतीवर वर्ष आणि नकाशा मूळ असल्याचं लिहून घ्या.

हस्तलिखित पत्रं, रोजनिशा यांच्या वाटेला जाऊ नका. पन्नास वर्षांहून जुनं हस्तलिखित देशाबाहेर नेताना निर्यात परवान्याचा प्रश्न येतो.

---

पानोपानी

सगळ्यांचे आभार, हे याद्यांमध्ये कुठेच नव्हतं. नकाशांसाठी भिंग घेतलंच. घासाघीस आणि पोस्टाचं कोणी सांगेल का? साधारण १० किलोपर्यंत पुस्तकं होतील असं धरून चाललोय.

---

वजनकाटा

घासाघीस: नव्या पुस्तकांवर नाही. जुन्यांच्या दुकानात तीन-चार पुस्तकं एकदम काउंटरवर ठेवून ‘सगळ्यांचं मिळून काही कमी होईल का’ एवढं एकदा विचारावं. दहा टक्क्यांपर्यंत सुटले तर छान, नाही म्हटलं तर विषय संपला. आपल्याकडच्यासारखं निम्म्यापासून सुरू करून पाठ फिरवायचं नाटक केलंत तर हाक येणार नाही. धर्मादाय दुकानात तर विचारूच नये.

टॅक्स: परत मिळण्यासारखं काही नाहीच. छापील पुस्तकांवर ब्रिटनमध्ये व्हॅट शून्य टक्के आहे. शिवाय पर्यटकांनी दुकानातून घेऊन बॅगेतून नेलेल्या मालावरचा व्हॅट परतावा इंग्लंडमध्ये २०२१ च्या सुरुवातीपासून बंद आहे. जुने नकाशे, सुटी चित्रं यांना वेगळे नियम लागू शकतात, पण परतावा त्यांवरही नाही.

वजन: कापडी बांधणीचं सरासरी पुस्तक ६०० ते ८०० ग्रॅम, पेपरबॅक २०० ते ३००. १० किलो म्हणजे चौदा-पंधरा जाड पुस्तकं. जाताना बॅग अर्धी रिकामी न्या, इतकं सोपं उत्तर आहे. जड पुस्तकं बॅगेच्या चाकांच्या बाजूला आडवी, पाठी आळीपाळीने उलट-सुलट, म्हणजे थर सपाट बसतो. पाठ वर आणि पानांची कड खाली अशी उभी ठेवलीत तर सांधे निखळतात. नकाशा गुंडाळू नका. दोन जाड पुठ्ठ्यांत, मध्ये ॲसिडमुक्त कागद घालून, हातातल्या सामानात.

जागा उरली नाही तरच पोस्ट. रॉयल मेलच्या आंतरराष्ट्रीय सेवेत साध्या पार्सलला २ किलोची मर्यादा आहे, पण फक्त पुस्तकं किंवा छापील कागद असतील तर ५ किलोपर्यंत चालतं. ही सवलत काउंटरवर ‘प्रिंटेड पेपर्स’ म्हणून मागावी लागते, आपणहून कोणी सांगेलच असं नाही. आत भेटवस्तू, चहाचा डबा, एखादा मग घातलात की सवलत गेली. कस्टम्सचा फॉर्म: आतल्या मालाची किंमत २७० पौंडांपर्यंत असेल तर सीएन २२, त्याहून जास्त असेल तर सीएन २३. फॉर्मवर नुसतं ‘बुक्स’ न लिहिता ‘वापरलेली छापील पुस्तकं, वैयक्तिक वापरासाठी’, नग आणि किंमत लिहा आणि पावतीची एक प्रत आत, एक बाहेर. खासगी कुरिअर केलंत तर भारतात पोचल्यावर केवायसी मागतात. आधार किंवा पॅनची प्रत वेळेत दिली नाही तर पार्सल विमानतळावर पडून राहतं आणि साठवणीचं भाडं लागतं.

पॅकिंग: प्रत्येक पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग पुठ्ठा, मग खोका. खोक्यात पुस्तकं हलता कामा नयेत. कोपरे चेपतात ते आपटून कमी, आत घसरून जास्त. आणि महत्त्वाचं पुस्तक पार्सलमध्ये घालू नका. १९१७ मध्ये लंडनहून परतताना बाबासाहेबांचं सामान, त्यात त्यांची पुस्तकं, वेगळ्या बोटीने निघालं होतं आणि ती बोट पाणतीराने बुडाली.

---

उत्तररेषा

बाबासाहेबांचा विषय निघालाच आहे तर तिसरा दिवस असा करा. ते १९२१-२२ मध्ये राहिले ते १० किंग हेन्रीज रोडवरचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने घेतलं, तिथे स्मारक-संग्रहालय आहे. तिथून चालत रीजंट्स पार्क रोडवर १३४ नंबरला प्रिमरोझ हिल बुक्स, मोहल्ल्याचं छोटं स्वतंत्र दुकान. सकाळी हे दोन आणि दुपारी मॅरिलबोन, सहज जमतं.

स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाइन. किंग्ज क्रॉसहून बसताना फलकावर ‘एजवेअर’ लिहिलेली गाडी बघा. ‘हाय बार्नेट’वाली कॅम्डन टाउननंतर दुसऱ्या फाट्याने जाते. चुकून बसलात तर कॅम्डन टाउनलाच उतरून गाडी बदला किंवा चालत जा, अंतर फार नाही.

दुकानांत मराठी पुस्तकं मिळणार नाहीत, ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि ती तुमच्या मुक्कामापासून पाच-सात मिनिटांवर. वाचकाचा पास फुकट आहे. पासपोर्ट आणि घरच्या पत्त्याचा पुरावा दोन्ही मूळ स्वरूपात न्या, पासपोर्टवरचा पत्ता धरतीलच असं नाही. पुस्तकं आधी मागवावी लागतात, तेव्हा संकेतस्थळावर नोंदणी इथूनच करा. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या.